कुळाचं नाव आणि जमीन: प्राचीन इस्राएलविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बायबलमधल्या रूथच्या गोष्टीवर लिहिताना मी म्हटलं होतं की बवाज हा नामीच्या नवऱ्याच्या, म्हणजे अलीमलेखाच्या कुळातला होता आणि म्हणूनच विकायला निघालेली तिची जमीन सोडवून घेण्याचा हक्क त्याच्यापर्यंत पोचला. या 'कुळा'विषयी बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न घेऊन या वेळचं सगळं सदर याच विषयाला देते आहे. माणसांची आणि गावांची नावं मराठी बायबलात छापतात त्याच वळणाने लिहिली आहेत, म्हणजे ज्यांना मूळ उतारे काढून बघायचे असतील त्यांची सोय होईल.

एक वाचक, कोल्हापूर: बायबलमधलं 'कूळ' म्हणजे आपलं गोत्र समजायचं, की आडनाव?

दोन्ही नाही. आधी त्या समाजाची घडण पाहू. सगळ्यात मोठा गट वंशाचा: यहूदा, बन्यामीन, मनश्शे वगैरे. त्याला हिब्रूत 'शेवेत' किंवा 'मत्ते' म्हणतात आणि दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ काठी, दंड. त्याच्या पोटात 'मिश्पाखा', म्हणजेच आपण ज्याला कूळ म्हणतो ते. आणि त्याच्याही पोटात 'बेत आव', बापाचं घर: आजोबा, मुलगे, सुना, नातवंडं, गडीमाणसं, गुरं.

यहोशवाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात ही उतरंड स्पष्ट दिसते. लुटीतला माल कुणीतरी लपवला आहे आणि चोर शोधायचा आहे. आधी वंश पुढे बोलावले जातात, त्यातून यहूदाचा वंश निघतो. मग त्याची कुळं, त्यातून जेरहाचं कूळ. मग त्या कुळातली घराणी, त्यातून जब्दीचं. मग त्या घराण्यातले पुरुष एकेक करून, आणि शेवटी सापडतो आखान. त्या काळात माणसाची ओळख विचारणं म्हणजे या पायऱ्या उतरत जाणं होतं.

गोत्राशी तुलना दोन ठिकाणी मोडते. सगोत्र विवाह आपल्याकडे निषिद्ध. तिथे उलट, कुळातल्या कुळात लग्न होणं बरं मानलं जाई. सलाफहादाच्या पाच मुलींनी तर चुलत भावांशीच लग्नं केली. मामेबहिणीशी सोयरीक करणाऱ्या आणि चुलत बहिणीला सख्खी मानणाऱ्या आपल्या समाजातल्या माणसाला हे वाचताना अवघडल्यासारखं होतं, पण त्यामागचं कारण जमिनीचं आहे. मुलगी बाहेर दिली तर तिच्या नावावरची जमीनही बाहेर जाते.

दुसरा फरक याहून मोठा. गोत्राच्या मालकीची जमीन नसते, मिश्पाखाची असायची. कर्जापायी कुणावर शेत विकायची पाळी आली तर ते सोडवून घेण्याचा हक्क, किंबहुना जबाबदारी, कुळातल्या जवळच्या माणसाची. अशा माणसाला हिब्रूत 'गोएल' म्हणत. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना, शहर बुडणार हे स्वतःच सांगत असतानाही, यिर्मया संदेष्ट्याने चुलत भाऊ हनामेल याचं अनाथोथचं शेत 17 शेकेल चांदी मोजून घेतलं आणि खरेदीखत मडक्यात घालून जपायला सांगितलं. हक्क त्याचा होता म्हणून घेतलं. लेवीय पुस्तकात योबेलच्या, म्हणजे पन्नासाव्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनाकडे आणि आपल्या कुळाकडे परत जावं असं सांगितलं आहे. वतन आणि कूळ हे दोन शब्द तिथे एका दमात येतात. हे एकदा मनात धरलं की नावांचं कोडं निम्मं सुटतं.

शिवाय कुळाचा वार्षिक यज्ञ असे. शौल राजाच्या पंगतीला गैरहजर राहायला दावीद हेच निमित्त पुढे करतो: बेथलेहेमात आमच्या सगळ्या कुळाचा वर्षाचा यज्ञ आहे.

एक वाचिका, नाशिक: गणना पुस्तकाचा 26वा अध्याय वाचायला घेतला आणि नावांच्या रांगा पाहून सोडून दिला. ही खरोखरची माणसं होती का? या नावांना काही अर्थ आहेत का?

सोडू नका, ताई. मला स्वतःला या पुस्तकातला सगळ्यात आवडता अध्याय विचारलात तर मी हाच सांगेन.

तिथला साचा असा: हनोखापासून हनोखी कूळ, पल्लूपासून पल्लूवी कूळ. पूर्वजाच्या नावाला 'ई' जोडली की कुळाचं नाव तयार. हिब्रूत हा प्रत्यय माणसाच्या नावाला लागतो तसाच गावालाही लागतो, बेथलेहेमचा तो बेथलेहेमी. त्यामुळे नुसत्या नावावरून मूळ माणसाचं की गावाचं हे ओळखता येत नाही, आणि खरी गंमत इथेच सुरू होते.

आता मनश्शेचा परिच्छेद काढा. मनश्शेचा मुलगा माखीर, त्याचा मुलगा गिलाद. गिलादाची मुलं अबियेजर (यादीत त्याचं आखूड रूप येतं, इयेजर), हेलेक, अस्रीएल, शखेम, शमीदा, हेफेर. हेफेराचा मुलगा सलाफहाद. त्याला मुलगे नाहीत, पाच मुलीच: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. (ही नोआ म्हणजे जलप्रलयाचा नोहा नव्हे, हिब्रूत दोघांची अक्षरं वेगळी आहेत.) वाचताना वाटतं, एका कुटुंबाची वंशावळ आहे. पण गिलाद हा यार्देन नदीच्या पूर्वेचा डोंगराळ मुलूख आहे. शखेम हे एबाल आणि गरिज्जीम या दोन डोंगरांमधलं जुनं शहर, आजच्या नाब्लुसशेजारी, आणि नावाचा अर्थ 'खांदा'. तिरसा ही तर शोमरोनच्या आधीची उत्तरेकडच्या राज्याची राजधानी. हेफेर हेही शहर. बापाच्या, मुलाच्या, नातीच्या नावाने जे दिसतं ते जमिनीवर बोट ठेवून दाखवता येतं.

1910 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात, जॉर्ज रायस्नर यांच्या देखरेखीखाली, शोमरोनच्या राजवाड्याच्या परिसरात शाईने लिहिलेली शंभराच्या आसपास खापरं सापडली. इसवीसनपूर्व आठव्या शतकातल्या या सरकारी नोंदी आहेत. त्या वेळी तिथे उस्मानी राज्य असल्यामुळे खापरं इस्तंबूलला गेली आणि तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. मजकूर अगदी कोरडा: अमक्या वर्षी, अमक्या ठिकाणाहून, अमक्याच्या नावे, जुन्या द्राक्षरसाचा एक बुधला, किंवा शुद्ध तेलाचा एक बुधला. पण त्या 'ठिकाणां'त काय काय येतं पाहा: अबियेजर, हेलेक, अस्रीएल, शखेम, शमीदा, नोआ, होग्ला. गणनेच्या यादीतली सात नावं! बायबलात जी माणसं आहेत ती कारकुनाच्या खापरावर शोमरोनच्या आसपासचे टापू आहेत, द्राक्षमळ्यांचे आणि ऑलिव्हच्या बागांचे.

मला यातलं अबियेजर फार मोलाचं वाटतं. हे गिदोनाचं कूळ. मिद्यानी टोळ्यांच्या भीतीने तो गहू खळ्यावर न झोडता द्राक्षकुंडात लपून झोडत होता, असं शास्ते पुस्तक सांगतं. पुढे लढाई जिंकल्यावर एफ्राईमची माणसं रुसतात, तेव्हा त्यांना शांत करताना गिदोन विचारतो की अबियेजराच्या द्राक्षतोडणीपेक्षा एफ्राईमचा सरवा चांगला नाही का? कुणी म्हणेल हा नुसता वाक्प्रचार. पण त्याच अबियेजराहून राजवाड्यात माल येत होता याची नोंद आपल्या हातात आहे. द्राक्षं खरी होती.

आणि त्या दोन मुली, नोआ आणि होग्ला. सलाफहादाच्या मुलींनी मोशेसमोर उभं राहून विचारलं होतं: आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? आम्हाला वाटा द्या. वाटा मिळाला. ही गोष्ट कुळांच्या टापूंना स्त्रियांची नावं का आहेत याचा उलगडा करण्यासाठी सांगितली गेली, असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. पण त्याने गोष्टीचं वजन कमी होत नाही. बाईच्या नावाने जमीन ओळखली जाते, हे शतकानुशतकं त्या समाजाला सांगावंसं वाटलं, आणि राजाच्या कारकुनाने ती नावं तशीच लिहिली. होग्ला म्हणजे तित्तिराच्या जातीचा पक्षी. तिरसा म्हणजे मनपसंत. हेलेक म्हणजे वाटा, हिस्सा, जमिनीचाच. अबियेजर म्हणजे 'माझा पिता साहाय्य आहे'.

अशी उदाहरणं यहूदातही आहेत. 1 इतिहास या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात 'शोबाल, किर्याथ-यारीमचा बाप' आणि 'सल्मा, बेथलेहेमचा बाप' असं सरळ लिहिलं आहे. गावाचा बाप म्हणजे ते गाव वसवणाऱ्या कुळाचा मूळपुरुष. अशी वंशावळ नकाशासारखी वाचावी लागते. कोणतं गाव कुठल्या मोठ्या गावाची शाखा, कोण कुणाशी जोडलेलं, हे तिथे बाप-लेकांच्या भाषेत सांगितलं आहे. आणि नाती बदलली की वंशावळही बदलते. दबोरेच्या गीतात, जे बायबलातल्या फार जुन्या काव्यांपैकी मानतात, मनश्शेचं नावच नाही. तिथे माखीर आणि गिलाद हेच वंशांच्या रांगेत उभे आहेत. गणनेत ते मनश्शेचे मुलगा आणि नातू झाले.

वंशांच्या नावांचे अर्थ उत्पत्तीच्या 29व्या आणि 30व्या अध्यायात लेआ आणि राहेल यांच्या तोंडी आले आहेत. ते आयांचे उद्गार आहेत, बाळंतिणीच्या सुखदुःखाचे. व्युत्पत्ती म्हणून ते धरू नयेत. योसेफाच्या नावाला तर एका पाठोपाठ दोन कारणं दिली आहेत: देवाने माझा कलंक दूर केला, आणि देव मला आणखी एक मुलगा देवो. बन्यामिनाचं मात्र पक्कं सांगता येतं. बेन-यामीन, उजव्या हाताचा मुलगा. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे दक्षिण येते. हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, संस्कृतातल्या 'दक्षिण' शब्दातही उजवा हात आणि दिशा दोन्ही आहेत. बन्यामिनाचा मुलूख एफ्राईमच्या दक्षिणेला होता. सीरियात युफ्रेटिसकाठच्या मारी या शहरातल्या मातीच्या पाट्यांवर, त्याच्या कितीतरी शतकं आधी, अशाच अर्थाच्या नावाची, 'दक्षिणेकडच्यांची', एक टोळी येते आणि तिच्या जोडीला 'डावीकडच्यांची', म्हणजे उत्तरेची. या टोळ्यांचा बन्यामिनाशी रक्ताचा संबंध जोडायला आधार नाही. नाव पाडायची रीत मात्र तीच.

एक वाचक, सातारा: आमच्यात कुळाचं देवक असतं, एखादं झाड किंवा पक्षी. हिब्रू कुळांनाही प्राण्यांची नावं होती असं ऐकलं. ती देवकंच का?

हाच विचार स्कॉटिश विद्वान विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांनी 1880 साली मांडला होता. प्राण्यांची नावं म्हणजे टोळीच्या पूजनीय प्राण्याच्या खुणा, असं त्यांचं म्हणणं. नावं भरपूर आहेत, हे खरं. कालेब आणि कुत्र्यासाठीचा 'केलेव' हा शब्द यांची अक्षरं सारखीच. बन्यामिनातलं बेखेर म्हणजे तरुण उंट. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या यादीत परोशाचे 2172 लोक आहेत आणि परोश म्हणजे पिसू. योशीया राजाच्या वेळी, इसवीसनपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीस, मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. त्याविषयी विचारायला राजाने पाठवलेल्यांत अखबोर आणि शाफान होते आणि ते गेले हुल्दा संदेष्ट्रीकडे. अखबोर म्हणजे उंदीर, शाफान म्हणजे खडकांत राहणारा सशाएवढा एक प्राणी, आणि हुल्दा हेही बिळातल्या एका छोट्या प्राण्याचं नाव.

पण देवक म्हणजे नुसतं नाव नव्हे. देवकाचं झाड तोडत नाहीत, लग्नात ते बसवतात, त्यावरून सोयरीक जमते किंवा मोडते. यातलं काहीही हिब्रू कुळांबाबत दिसत नाही, आणि यातली बरीच नावं कुळांची नसून एकेका माणसाची आहेत. मला ती लाडाची किंवा टोपणनावंच वाटतात. कोरह म्हणजे टकला, हेही तसलंच नाव. मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाला धरणीने गिळलं, पण गणनेत लगेच पुढे येतं की कोरहाचे मुलगे मेले नाहीत. स्तोत्रसंहितेत कित्येक स्तोत्रांच्या माथ्यावर त्यांचं नाव आहे, आणि नेगेवमधल्या अराद या किल्ल्यात योहानान अहारोनी यांना सापडलेल्या एका खापरावरही 'कोरहाचे मुलगे' असं लिहिलं आहे.

हेजीर हे याजकांच्या चोवीस वर्गांपैकी सतराव्याचं नाव. त्याची अक्षरं हिब्रूत डुकरासाठी असलेल्या शब्दाचीच आहेत, फक्त स्वर वेगळा. यरुशलेमच्या किद्रोन खोऱ्यात या घराण्याची खडकात कोरलेली कबर आहे, दर्शनी भागात ग्रीक धाटणीचे दोन खांब आणि वर 'हेजीरच्या वंशातले याजक' असा लेख. डुक्कर निषिद्ध मानणाऱ्या समाजाचे हे याजक होते. नाव पवित्र प्राण्याचं असतं तर तो प्राणी अपवित्रांच्या यादीत गेला नसता.

एक वाचक, येवला: आमचा पिढीजात रंगाऱ्याचा धंदा. तिथे धंद्यावरून कुळं होती का?

होती, आणि तुमच्या धंद्याची असावीत अशी दाट शक्यता आहे. इस्साखाराच्या कुळांत पहिली दोन नावं तोला आणि पुवा. तोला म्हणजे किडा, ज्याच्यापासून किरमिजी रंग निघायचा तो. पुवा हे मंजिष्ठेच्या जातीच्या झुडपाचं नाव, ज्याच्या मुळांपासून लाल रंग काढतात. दोन लाल रंग शेजारीशेजारी, एकाच वंशात. हा योगायोग मला तरी वाटत नाही. शास्ते पुस्तकात तर तोला हा पुवाचा मुलगा आहे.

1 इतिहासच्या चौथ्या अध्यायात तागाचं तलम कापड विणणाऱ्यांची बेथ-अश्बेयातली कुळं, राजासाठी काम करणारे कुंभार, आणि 'कारागिरांचं खोरं' या नावाची एक वस्ती येते. त्याआधी, दुसऱ्या अध्यायात, याबेस इथे राहणाऱ्या लेखकांची कुळं. केनी लोकांचं नावही अरबीत लोहारासाठी असलेल्या शब्दाशी जुळतं.

एक वाचिका, ठाणे: माझ्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, शेजारणीचं आडनाव 'कर'ने संपतं. त्यांच्यात जुनी हिब्रू कुळं उरली नाहीत का?

मी अलिबागला वाढले. आमच्या वर्गात पेणकर होते, झिराडकर होते, आणि शनिवारी त्यांचे बाक रिकामे असत, त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. 'बेने' हा तोच हिब्रू शब्द, 'मुलगे', जो अरादच्या खापरावर कोरहाच्या आधी लिहिला आहे. नवगावजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला अशी त्यांची परंपरा सांगते. मिश्पाखांची नावं सोबत आली नाहीत, किंवा आली तरी टिकली नाहीत. कोकणात पेण, किहीम, रोहे, दिवे, नवगाव या गावांनी त्यांना नावं दिली. मुंबईत 1796 साली पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर त्यांच्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, आणि शेवटी गाव. गावावरून कुळाला नाव ही इस्राएलची जुनीच रीत. त्यामुळे काही तुटलं असं मी म्हणणार नाही. शेजारणीला विचारून पाहा, आडनावाचं गाव आणि तिथली बाग कुठे होती हे बहुतेक सांगतील.

एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर: रक्ताचं नातं नसताना कुणी कुळात शिरू शकत असे का? आणि कुळ गमावता येत असे का?

दोन्ही घडलं आहे. कालेबाला गणनेत 'कनिज्जी' म्हटलं आहे, आणि कनाज हे नाव उत्पत्तीत अदोमी लोकांत येतं. म्हणजे हे लोक बाहेरचे. तरी हेब्रोन हे शहर त्यांना मिळालं आणि यादीत ते यहूदाचे झाले. लग्नातूनही नाव बदलायचं. एका याजकाने गिलादातल्या बर्जिल्लयाची मुलगी केली आणि सासऱ्याचंच नाव लावलं. हा बर्जिल्लय म्हणजे परागंदा दाविदाला महनाईमात धान्य पोचवणारा श्रीमंत म्हातारा. नावात 'बर्जेल', लोखंड.

गमावण्याची गोष्ट एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. बाबेलहून परतलेल्यांत या बर्जिल्लयाच्या घराण्याला आणि हक्कोसाच्या घराण्याला आपली नोंद वंशावळीत सापडेना. हक्कोस म्हणजे काटा. नोंद नाही म्हणून त्यांना याजकपदावरून दूर ठेवलं आणि परमपवित्र अन्न खायची मनाई झाली. पण शतकाच्या आत, इसवीसनपूर्व 445च्या सुमारास नहेम्या यरुशलेमचा कोट बांधून घेतो तेव्हा एक भाग बांधणारा आहे मरेमोथ, उरीयाचा मुलगा, हक्कोसाचा वंशज. एज्राने आणलेलं मंदिराचं सोनंचांदी ज्याच्या हाती तोलून दिलं तो याजकही मरेमोथ, उरीयाचा मुलगा. तो हाच असावा असं मानतात. म्हणजे घराण्याला आपली जागा परत मिळाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी ज्यूंचा लढवय्या पुढारी यहूदा मक्काबी याने रोमशी करार करायला दोन दूत पाठवले. त्यातला एक युपोलेमस, नाव ग्रीक, बाप योहान, आणि आजोबांच्या जागी लिहिलेलं नाव तेच, हक्कोस.